गुबगुबीत अक्षरांची कुळकथा

कूपर ब्लॅक या टाइपमधला इंग्रजी छोटा 'ओ' भिंगाखाली धरून पाहावा. बाहेरून गुबगुबीत, पण पोटातली पांढरी फट डावीकडे कललेली. रुंद टोकाची लेखणी तिरकी धरली की असा कल आपोआप येतो. 'आय'वरचं टिंबसुद्धा किंचित चेपलेलं, तिरकं. टाइप उभा, पण त्यात लिहिणाऱ्या हाताची सवय जशीच्या तशी उतरली आहे.

हा हात ऑस्वाल्ड ब्रूस कूपर यांचा. 1879 साली ओहायोत जन्म, बालपण कॅन्ससमध्ये. चित्रकार व्हायचं म्हणून शिकागोला आले आणि फ्रेडरिक गाउडींकडे शिकताना अक्षरांत रमले. 1904 मध्ये फ्रेड बर्ट्श यांच्याबरोबर त्यांनी व्यवसाय थाटला. जाहिरातींची अक्षरं ते हाताने रेखाटत. पॅकार्ड मोटारीच्या जाहिरातीतल्या त्यांच्या अक्षरांवरून तर 1913 मध्ये अमेरिकन टाइप फाउंडर्स या ओतशाळेने खिळेच पाडले. बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या ओतशाळेसाठी 1919 मध्ये कूपर ओल्ड स्टाइल आणि 1922 मध्ये हा जाडजूड भाऊ आला.

त्याचा खरा गुण पायांत आहे. उभ्या रेघा तळाशी सपाट संपत नाहीत, उशीसारख्या फुगतात. म्हणून गोल आणि उभी अक्षरं शेजारी बसली तरी खटकत नाहीत. एवढी शाई असूनही दरडावल्यासारखं वाटत नाही, ते या मऊ कडांमुळे.

पाठोपाठ त्याचा तिरका अवतार आला. शिशाच्या जमान्यात तिरकं अक्षर म्हणजे डोकेदुखी. खिळा चौकोनी, अक्षर कललेलं; त्याचं टोक खिळ्याबाहेर आलं की छपाईच्या दाबाखाली तुटायचं. कूपरनी उभं अक्षर ढकलून तिरकं केलं नाही, ते नव्याने रेखाटलं. उभ्यापेक्षा तिरका टाइप मूळ लेखणीच्या जास्त जवळचा आहे, असं ते मानत. मला ते पटतं: तिरक्यात वळणं मोकळी सुटतात.

खप असा झाला की प्रतिस्पर्धी मोनोटाइपला तोडीस तोड टाइप हवासा झाला. तो 1925 मध्ये काढून दिला खुद्द गुरूंनी, गाउडींनी!

कूपर 1940 मध्ये गेले. पुढे फोटोटाइपसेटिंग आणि घासून उमटवायची अक्षरं आली. चौकोनी खिळाच उरला नाही, तेव्हा ही गोल अक्षरं एकमेकांना खेटून बसवता येऊ लागली. बीच बॉइज या बँडच्या 1966 मधल्या 'पेट साउंड्स' या अल्बमच्या वेष्टनावर वरच्या हिरव्या पट्टीत ती अशीच दाटीने बसली आहेत. सत्तरच्या दशकात ती इस्त्रीने टी-शर्टांवर चिकटली आणि 1995 पासून ईझीजेटच्या नारिंगी विमानांवर उडू लागली.

देवनागरीला जाड करणं याहून अवघड. शिरोरेषा वरून दाबते, गाठी आणि काने आतली जागा खातात. मुंबईच्या 'एक टाइप'ने 'मोदक' नावाचा टाइप काढला, त्यात हा जाडपणा पार टोकाला नेला आहे. काळं इतकं फुगलं आहे की पांढऱ्याच्या केसाएवढ्या रेघा तेवढ्या उरल्या आहेत. त्यातला 'क्ष' जवळून पाहा. डोळा त्या बारीक पांढऱ्या रेघांवरूनच अक्षर ओळखतो.