कल्प
हिंदू कालगणनेतील ब्रह्मदेवाचा एक दिवस. मानवी 4 अब्ज 32 कोटी वर्षे. पुराणांनुसार या दिवसाच्या आरंभी सृष्टी उत्पन्न होते, अखेरीस नैमित्तिक प्रलयात लोपते आणि तेवढ्याच लांबीच्या रात्रीनंतर पुन्हा प्रकटते. निर्मिती ही एकदाच घडलेली घटना नव्हे, हेच या कल्पनेचे खरे वैशिष्ट्य.

कल्पात 1,000 महायुगे येतात. महायुग 43,20,000 वर्षांचे असून त्यातील कृत, त्रेता, द्वापर व कली यांचे प्रमाण 4:3:2:1 आहे. सूर्यसिद्धान्तात 71 महायुगांची 14 मन्वंतरे व कृतयुगाएवढे 15 संधिकाल मिळून हजाराची बेरीज अचूक जुळते. आर्यभटाने मात्र मन्वंतर 72 महायुगांचे आणि चारही युगे समान मानली. ब्रह्मगुप्ताने त्यावर कडक टीका केली. ग्रहांच्या प्रदक्षिणा पूर्णांकांत मांडण्यासाठी ज्योतिर्विदांना असे दीर्घ काळ उपयोगी पडत, म्हणून या आकड्यांना निव्वळ कल्पनाविलास म्हणणे अन्यायाचे ठरेल.

सध्या श्वेतवाराह कल्पातील सातवे, वैवस्वत मन्वंतर चालू असून त्यातील 28व्या महायुगाचे कलियुग इ. स. पू. 3102 मध्ये सुरू झाले, असे मानतात. पूजेच्या संकल्पात आजही हाच कालनिर्देश होतो. ऋग्वेदातील नासदीय सूक्त (10.129) या साऱ्या गणिताहून प्राचीन, सृष्टीचा उगम कोणाला ठाऊक असेल का, अशी शंकाच त्यात घेतली आहे.