साडेपाच हजार सह्यांचे उत्तर

सार्वजनिक कार्य करणाऱ्याच्या गळ्यात हार थोडे पडतात आणि कानी टीका फार पडते, हे कोणा पंडिताने सांगण्याची गरज नाही. प्रश्न एवढाच की, टीका झाली म्हणजे कार्यकर्त्याने करावे काय? शब्दाला शब्द द्यावा, मूग गिळून बसावे, की हातचे काम टाकून घरी जावे? आम्ही शाळेची पायरी फार दिवस चढलो नाही. जे शिकलो ते चळवळीत आणि हाती येतील तेवढ्या पुस्तकांत. तेव्हा या प्रश्नाचे शास्त्रोक्त उत्तर आम्ही काय देणार? परंतु इतिहासात एका माणसाने ते आपल्या वागण्याने देऊन ठेवले आहे, आणि ते माळशिरसकरांपुढे मांडावे असे आम्हास वाटते. कारण माळीनगर, श्रीपूर, अकलूज येथील साखर कारखान्यांमुळे हा आपला तालुका जसा शेतकऱ्यांचा तसा कामगारांचाही झालेला आहे.

त्या माणसाचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८ चा, ठाण्याचा. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. मुंबईत मांडवीच्या एका कापडगिरणीत ते नोकरीस होते, आणि गिरणीच्या आत काय चालते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १८८० साली त्यांनी 'दीनबंधु' हे पत्र हाती घेतले आणि पुढे त्यालाच वाहून घेतले.

त्या वेळची स्थिती ध्यानात घ्या. सूर्य उगवला की यंत्र सुरू, सूर्य मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. आठवड्याची ठरलेली सुटी नाही. पगार महिना-महिना अडकून पडे. १८८१ साली कारखान्यांचा पहिला कायदा झाला, पण त्यात कामाच्या तासांना मर्यादा होती ती फक्त लहान मुलांच्या; मोठ्या माणसाच्या तासांविषयी एक अक्षर नव्हते.

१८८४ साली मुंबई सरकारने चौकशी मंडळ नेमले. लोखंड्यांनी त्या वर्षी सप्टेंबरच्या २३ व २६ तारखेला परळला सुपारीबागेत कामगारांच्या सभा भरविल्या. तेथे पाच मागण्या ठरल्या. रविवारी सुटी असावी. दुपारी अर्धा तास विसावा असावा. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास संपावे. पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार द्यावा, आणि जन्माचा अपंग झाल्यास पोटापाण्याची सोय व्हावी. याच सुमारास 'बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन' ही संस्था उभी राहिली.

आता टीका कशी झाली ते पाहा. ती तीन दिशांनी आली.

पहिली मालकांची, आणि तिला देशी वृत्तपत्रांची साथ. मालक म्हणत, हिंदूंचे सणवार काय थोडे आहेत? आणखी रविवार कशाला? वृत्तपत्रे म्हणत, हे कायदे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना हवे आहेत. मुंबईचा उगवता धंदा बुडविण्याचा तो डाव आहे. ही टीका निव्वळ खोटी नव्हती. लँकेशायरला आपल्या गिरण्यांची चढाओढ खुपत होतीच. परंतु परक्याचा स्वार्थ त्यात मिसळला म्हणून आपल्या कामगाराचा शिणवटा खोटा ठरत नाही. लोखंड्यांनी यावर वादच घातला असे नव्हे. मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्या घेऊन तो चौकशी मंडळापुढे ठेवला. कामगारालाच सुटी नको आहे असे म्हणणाऱ्यास याहून सरळ उत्तर कोणते असणार?

दुसरी टीका घरची होती, आणि ती अधिक झोंबणारी. जोतीरावांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाची पहिली प्रकरणे 'दीनबंधु'त आली. पुढची छापण्यास लोखंडे कचरले. जोतीरावांनी त्याबद्दल त्यांच्या भित्रेपणावर कडक शब्दांत कोरडा ओढला. शत्रूचा घाव माणूस सोसतो, गुरूचा घाव आत उतरतो. जोतीरावांचे म्हणणे रास्त होते असेच आमचे मत आहे. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, लोखंड्यांनी त्यापायी वेगळी चूल मांडली नाही, की सत्यशोधक विचार सोडला नाही. हा घाव १८८३ च्या सुमारासचा, आणि परळच्या सभा पुढच्याच वर्षीच्या.

सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोडदौडीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही त्या सभेत उभ्या राहून बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. त्याच वर्षीच्या सरकारी कारखाना आयोगाच्या कामात लोखंड्यांना घेण्यात आले, आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुटी व दुपारचा अर्धा तास या दोन्ही गोष्टी पक्क्या झाल्या.

तिसरी टीका या यशानंतर आली. १८९२ च्या सरकारी अहवालात एका अधिकाऱ्याने लिहिले की, लोखंडे स्वतःस ज्या संस्थेचे अध्यक्ष म्हणवितात तिला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. कोणी कामगार आला तर ते सल्ला देतात, एवढेच. हे वाचून पुढच्या काही अभ्यासकांनीही त्यांना कामगार पुढारी न म्हणता परोपकारी गृहस्थ म्हटले. श्रोतेहो, या टीकेत हेटाळणी आहे, पण उणेही खरे दाखविले आहे. वर्गणी, पावती आणि सभासदांचे रजिस्टर यांवाचून संघटना टिकत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. ते उणे पुढच्या पिढीने भरून काढले. १९२६ साली कामगार संघटनांचा कायदा झाला आणि नोंदणीसाठी नियम व हिशेब आवश्यक ठरले. १९२८ साली मुंबईत गिरणी कामगार युनियन उभी राहिली, तिच्या वहीत थोड्याच महिन्यांत पन्नास हजारांवर नावे चढली.

लोखंडे ते पाहण्यास नव्हते. मुंबईत प्लेग आला, लोक शहर सोडून पळू लागले, तेव्हा ते रुग्णांच्या सेवेत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने गेले. वय पन्नाशीच्याही आत.

त्यांच्या उरलेल्या तीन मागण्यांचा हिशेब आता करू. कापडगिरणीतील मोठ्या माणसाच्या कामाचे तास १९११ साली बांधले गेले, तेही बारा. अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ साली झाला. पगार वेळेवर देण्याचा कायदा १९३६ साली, म्हणजे मागणीनंतर ५२ वर्षांनी, आणि त्यात मुदत ठरली ती १५ तारखेहूनही अलीकडची. परळच्या सभेत अंगठा उठविलेल्यांपैकी किती जण तो दिवस पाहण्यास उरले असतील?

हा हिशेब आम्ही मुद्दाम मांडला. आपल्या तालुक्याच्या उसाच्या फडांत दर हंगामी टोळ्या उतरतात. मुकादमाची उचल घेतलेले नवराबायकोचे कोयते टनाच्या मजुरीवर राबतात. पहाटेच्या थंडीत तोड, मग मोळ्या बांधणे, मग गाडी भरणे. त्यांना आजही पगारी रविवार नाही. त्यांच्यात काम करणाऱ्यांना लोक विचारतात, "इतकी वर्षे ओरडता, हाती काय लागले?" विचारणाऱ्यांवर आमचा राग नाही. त्यांना आम्ही एवढेच सांगतो की, टीकेतले खरे असेल ते वहीत टिपून घ्यावे, हेटाळणी फडातच सोडावी, आणि पुढच्या सहीसाठी पुढच्या खोपीकडे चालू लागावे. रविवार सहा वर्षांत आला, वेळेवरचा पगार बावन्न वर्षांत. पण मागणी लिहिलेली होती, म्हणूनच दोन्ही आले.