फणसवाडीतला ‘पाइन’ : एका चुकलेल्या ओळखीचा इतिहास

१/ फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी. गिरगावातील ही नावे आज चाळींची आणि गल्ल्यांची वाटतात. मुळात ती झाडांची आहेत. याच परिसरात, खोताच्या वाडीपासून चाळींच्या गॅलऱ्यांपर्यंत, नाताळात कुंडीतला एक वृक्ष दिसू लागतो. त्याला आपण ‘पाइन’ म्हणतो. वास्तविक तो पाइन नव्हे.

२/ ऑक्टोबर १७७४ मध्ये कॅप्टन जेम्स कुक प्रशांत महासागरातील एका निर्जन बेटावर उतरला. त्याने बेटाला नॉरफोक हे नाव दिले. तेथील उंच, सरळसोट वृक्ष पाहून ब्रिटिश आरमाराला डोलकाठ्या मिळतील, अशी आशा त्याला वाटली. १७८८ मध्ये इंग्रजांनी तेथे वसाहत केली, त्यामागे या लाकडाचेही आकर्षण होते. पुढे ते डोलकाठीच्या उपयोगाचे नाही, असे आढळून आले.

३/ ‘नॉरफोक पाइन’ हे नाव मात्र कायम राहिले. शास्त्रीयदृष्ट्या हा अरौकेरिया. त्याच्या मायभूमीत हिमवर्षाव होत नाही. म्हणूनच तो, आणि न्यू कॅलेडोनियातील त्याचा भाऊबंद, मुंबईच्या दमट हवेत तग धरतात. ओळखण्याची खूण सोपी आहे : खऱ्या पाइनच्या सुया जुडग्याने येतात, अरौकेरियाची पाने फांदीवर एकेकटी असतात.

४/ थंडी सोसणारा खरा सदाहरित पाइन पाहायचा तर हिमालयात जावे. तेथील कैल वृक्षाच्या जुडग्यात पाच सुया असतात. हिवाळ्यातील विसावा हा त्याच्या जीवनक्रमाचा भाग आहे. त्याच्या बियांना काही आठवडे ओलसर थंडी मिळाली, तर त्या अधिक चांगल्या रुजतात. मुंबईचा हिवाळा हे देऊ शकत नाही.

५/ प्रश्न केवळ थंडीचा नाही. पाइनच्या मुळांशी विशिष्ट बुरशी नांदते आणि मातीतील अन्नद्रव्ये त्यास मिळवून देते. प्वेर्तो रिको बेटावर पाइन लावण्याचे प्रयत्न वारंवार फसले. रोपे खुरटून मरत. १९५५ च्या सुमारास अमेरिकेतील पाइनच्या वनातली माती आणून मिसळली, तेव्हा रोपे तरारली. तोवर झाड नेले होते, त्याची माती मागेच राहिली होती.

६/ जानेवारीत कुंडी सुकू लागली की ‘आमच्या हाताला गुणच नाही’ असे अनेकजण म्हणतात. दोष हाताचा नसतो, ओळखीचा असतो. वातानुकूलित खोलीत त्याला मायभूमीची थंडी मिळते, हा समज कुकच्या डोलकाठीइतकाच फसवा आहे. कुंडी गॅलरीतील भरपूर उजेडात ठेवावी. वरची माती सुकल्यावरच पाणी घालावे. पावसाळ्यात तळाशी पाणी साचू देऊ नये. वाळलेली खालची फांदी पुन्हा फुटत नाही, हे ध्यानात असावे. आणि शेंडा कधीही छाटू नये. तो एकदा गेला की झाडाचा सरळ बांधा सहसा परत येत नाही.