किराण्याहून मिरजेला : अब्दुल करीम खाँसाहेबांची शाळा

पुण्यात दर डिसेंबरला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव भरतो. हजारो माणसं थंडीत शाल गुंडाळून ऐकायला बसतात. भीमसेन जोशींनी 1953 साली आपल्या गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या, स्मरणार्थ तो सुरू केला. पण सवाई गंधर्वांचे गुरू कोण, हे विचारलं तर अनेक जण थबकतात. ते होते उस्ताद अब्दुल करीम खाँ.

हा विषय आज काढण्याचं कारण आहे. मध्यंतरी एका कार्यक्रमात एका वक्त्यांनी सहज सांगून टाकलं की, मुसलमान उस्तादांनी विद्या घरात कोंडून ठेवली होती, ती नंतर इतरांनी मोकळी केली. सभागृहात माना डोलल्या. मी शिक्षक आहे, उर्दू आणि मराठी शिकवतो. त्यामुळे ते वाक्य मनात रुतून बसलं. काही घराण्यांत असा राखून ठेवण्याचा स्वभाव होता, हे नाकारायचं कारण नाही. पण पुण्यात बोलताना तरी खाँसाहेब आठवायला हवे होते.

खाँसाहेबांचा जन्म 1872 चा, उत्तर प्रदेशातल्या किराणा गावचा. हे गाव आज कैराना म्हणून ओळखलं जातं. घर सारंगियांचं आणि बीनकारांचं. ते गायचे, तसेच सारंगी आणि बीनही वाजवायचे. तरुणपणी ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात आले. तिथे ताराबाई माने त्यांच्याकडे गाणं शिकत. ताराबाईंच्या घराचं राजघराण्याशी नातं होतं. दोघांनी लग्न करायचं ठरवलं आणि त्यांना बडोदं सोडावं लागलं. मुंबईमार्गे ते मिरजेला पोचले आणि पुढे मिरज हेच खाँसाहेबांचं गाव झालं.

मिरज त्यांना मानवणारच होती. तिथे ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांचा दर्गा आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांतल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच कारागिरीमुळे. खाँसाहेबांनाही वाद्यं दुरुस्त करायचा नाद होता. तंबोऱ्याची जवारी नीट लागल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

आता शाळेकडे येऊ. 1913 साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून तेव्हा बारा वर्षं झाली होती. एका मुसलमान उस्तादाने आपल्या शाळेला ‘आर्य’ हे नाव दिलं आणि त्यात त्यांना काही अडचण वाटली नाही. विद्यालयात मुलं गुरूच्या सोबत राहून शिकत. जलशांतून येणाऱ्या पैशांवर संसार आणि शाळा दोन्ही चालायचं. शाळा चालवणाऱ्यांना या ओढाताणीची कल्पना असेलच.

त्यांचे शिष्य पाहा. सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, बेहेरेबुवा, खाँसाहेबांचं मराठी चरित्र लिहिणारे बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, आणि नात्यातल्या रोशन आरा बेगम. विद्या कोंडून ठेवणाऱ्याच्या मागे अशी यादी राहत नाही. स्वतः शिकण्यातही त्यांनी कुंपण मानलं नाही. म्हैसूरच्या दरबारात जाता-येता ते कर्नाटक संगीत ऐकत. त्यागराजांची एक कृती त्यांनी रेकॉर्डवर गायली. मराठी नाट्यपदंही गायली.

पण घर मात्र टिकलं नाही. पुढे ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावंही बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर, सकीनाच्या सरस्वतीबाई राणे. वडिलांचं नाव मुलांच्या नावामागे राहिलं नाही, गळ्यात मात्र राहिलं. 15 ऑगस्ट 1947 रोजी दिल्लीत ‘वंदे मातरम्’ गाणाऱ्या हिराबाई याच अब्दुल करीम खाँंची लेक. फाळणीनंतर रोशन आरा बेगम पाकिस्तानात गेल्या. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना किराण्याचा तोच सूर लागत राहिला.

ऑक्टोबर 1937 मध्ये मद्रासचा कार्यक्रम आटोपून खाँसाहेब पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागलं, म्हणून सिंगपेरुमल कोईल या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावरच बिछाना घातला. त्यांनी नमाज अदा केली, दरबारीच्या सुरांत अल्लाहचं नाव घेतलं आणि 27 तारखेला तिथेच डोळे मिटले. शिष्यांनी मय्यत एवढ्या लांबून मिरजेला आणली. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसाच्या दिवसांत आजही तिथे गायक येऊन हजेरी लावतात. तिकीट नसतं, बिदागी नसते.

आपल्या मुलांना हे कोण सांगणार? पाठ्यपुस्तकात येईल तेव्हा येईल. तोवर कधी मिरजेला गेलात, तर मुलांना सोबत न्या. फातिहा पढा, शिकलगारांच्या दुकानात तंबोरा कसा घडतो ते दाखवा. आणि पुढच्या डिसेंबरला महोत्सवाचा विषय निघाला, की सवाई गंधर्वांच्या गुरूंचं नावही घ्या. सांगायला एवढं एक नाव पुरेसं आहे.