इग्निशन कॉइल कनेक्टर

इग्निशन कॉइल कनेक्टर : पेट्रोल गाडीत बॅटरीचा 12 व्होल्टचा पुरवठा कॉइलपर्यंत नेणारी प्लास्टिकची जोडणी. कॉइल त्यापासून ठिणगीसाठी हजारो व्होल्ट निर्माण करते. इंजिनाच्या उष्णतेने प्लास्टिक ठिसूळ होते, खटका तुटतो, जोडणी सैल पडते आणि इंजिन ‘मिसिंग’ करू लागते. बोल मात्र कॉइललाच लागतो. दोन सिलिंडरांच्या कॉइली अदलाबदल करूनही बिघाड जागचा हलला नाही, तर प्लग व इंजेक्टरबरोबर कनेक्टरही तपासायला हवा. तुटका खटका केबल टायने आवळला की भागते, हा उपाय कोरड्या हवेत काही काळ चालतो. पण उल्हास नदीच्या पुराने 2005 आणि 2019 च्या जुलैत वेढलेल्या बदलापूरपासून अंबरनाथ, उल्हासनगरपर्यंतच्या पावसाळी हवेत तो टिकत नाही. रबरी सील नीट बसले नाही की ओल शिरते आणि पिना गंजतात. म्हणून नवा कनेक्टरच बसवावा. आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी, मग एकेक वायर कापून जोडावी. सगळ्या एकदम कापल्या की क्रम चुकतो, आणि कॉइल जळू शकते. वायर जोडताना क्रिम्पपेक्षा (दाबून बसवलेल्या जोडापेक्षा) सोल्डर पक्के वाटते खरे; पण कथिल तारेच्या बारीक धाग्यांत शिरून ती ताठ करते, आणि हादऱ्यांनी तार नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते.