टाका नाही, म्हणून रक्तस्रावही नाही?

मेंदूतल्या धमनीला आलेला फुगा जांघेतून तार नेऊन कॉइलने बंद केला, की नातेवाईक निर्धास्त होतात. डोके उघडलेच नाही, मग रक्तस्राव होईलच कशाला, असा त्यांचा सवाल असतो.

या समजुतीला आधार नाही असे नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसॅट’ चाचणीत फुगा फुटलेले २,१४३ रुग्ण होते. वर्षभरानंतर मृत्यू किंवा परावलंबन वाट्याला आलेल्यांचे प्रमाण कॉइलच्या गटात सुमारे २४ टक्के, तर कवटी उघडून क्लिप लावलेल्यांत सुमारे ३१ टक्के निघाले. कॉइलची सरशी खरीच. पण ती एकूण निकालात. पुन्हा होणाऱ्या रक्तस्रावाचा हिशेब वेगळा आहे. याच चाचणीतल्या ब्रिटिश रुग्णांची पुढे अनेक वर्षे नोंद ठेवली गेली. पहिल्या वर्षानंतर त्याच फुग्यातून रक्तस्राव झालेले रुग्ण कॉइलच्या गटात १३, तर क्लिपच्या गटात ४ होते. आकडे लहान आहेत, पण कॉइलच्या गटात रक्तस्राव शून्यावर आला नाही, हे स्पष्ट आहे.

याचे कारण फुग्याच्या मानेशी आहे. क्लिप ती बाहेरून आवळते. कॉइल आतली पोकळी भरते. रक्ताच्या माऱ्याने कॉइल दबली, तर मानेशी पुन्हा जागा होते. उपचार चालू असतानाही तारेचे टोक पातळ भिंतीतून आरपार जाऊ शकते, तेही गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन दिलेले असताना. कवटी उघडलेली असेल तर सर्जन धमनीवर तात्पुरती क्लिप लावतो. कॉइल भरताना मात्र पडद्यावर बाहेर झिरपणारा डाय तेवढा दिसतो. हेपॅरिनवर उतारा म्हणून प्रोटॅमिन द्यायचे आणि झटपट कॉइल भरत राहायचे.

धमनीत स्टेंट किंवा फ्लो डायव्हर्टर (फुग्यात जाणारा प्रवाह वळवणारी जाळी) बसवला असेल, तर गुठळी रोखणाऱ्या ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात, आणि त्यांनी रक्तस्रावाची शक्यता वाढते. फ्लो डायव्हर्टरने फुगा बंद व्हायलाही बहुधा तितकाच वेळ जातो. रक्तस्राव नको म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे तर आणखी घातक : स्टेंटमध्ये गुठळी होऊन पक्षाघात येऊ शकतो.

म्हणून कॉइल वाईट ठरत नाही. बॅसिलर धमनीच्या टोकावरच्या फुग्याला बहुधा तीच सोयीची. मिडल सेरेब्रल धमनीवरच्या रुंद मानेच्या फुग्याला अनेकदा क्लिप बरी. घरी जाताना डॉक्टरांना विचारायचे ते असे : मान पूर्ण बंद झाली का, गोळ्या कधीपर्यंत, आणि पुढची अँजिओग्राफी केव्हा?