गादीवर कोण बसले, गादी कोणी भरली?

मुंबईत गावदेवीच्या लॅबर्नम रोडवर मणिभवन आहे. रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे हे घर. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की येथेच उतरत. दुसऱ्या मजल्यावरची त्यांची खोली काचेआड जपून ठेवली आहे. राजवाड्यांच्या संग्रहालयांत मखमली कोच आणि सोफे पाहायला मिळतात. इथे जमिनीवर पांढऱ्या खोळीची गादी, टेकायला तक्क्या आणि जवळ चरखे.

याच घरातली एक हकिकत गांधीजींनी आत्मकथेत लिहिली आहे. सूत कातायला पेळू हवे होते आणि पेळूंसाठी कापूस पिंजून हवा होता. घरावरून रोज एक पिंजारी जात असे. गांधीजींनी त्याला बोलावले. तो गाद्यांत भरायचा कापूस पिंजणारा निघाला. पेळूंसाठी पिंजायला तो तयार झाला, पण दाम चढे मागितले. गांधीजींनी ते दिले. खादीच्या इतिहासात त्या पिंजाऱ्याला अशी जागा मिळाली. नाव मात्र आत्मकथेत आले नाही. नाव नाही म्हणून त्याला 'आपला' ठरवण्याची घाईही नको.

पण त्याचा धंदा आपल्या ओळखीचा आहे. महाराष्ट्रात कापूस पिंजून गाद्या भरण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या मुसलमानांतील पिंजारी, नद्दाफ, मन्सूरी मंडळींनी केले. अरबीत 'नद्दाफ' म्हणजे पिंजारी. 'हल्लाज'चा अर्थही तोच. इ. स. ९२२ मध्ये बगदादमध्ये ज्यांना देहदंड झाला ते सूफी मन्सूर हल्लाज. 'मन्सूरी' हे नाव समाज त्यांच्याशी जोडतो. बैठकीचे शब्दही बघा : तक्क्या आणि गालीचा फारसीतून आले, मसनद अरबीतून. इंग्रजांचा म्हणून आपण ओळखतो त्या 'सोफा'चे मूळही अरबी 'सुफ्फा'च.

मराठीत गादी म्हणजे सत्ताही. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी. गादीवर कोण बसले हे इतिहास सांगतो. गादी कोणी भरली हे तो विचारत नाही. वास्तविक कापसाची गादी एकदा भरली की कायमची झाली असे नसते. वजनाने कापूस दबतो, त्याच्या गुठळ्या होतात. मग उसवा, पिंजा, पुन्हा भरा, टाके घाला. कापसाची कोणतीही जुनी बैठक टिकली असेल तर ती अशा हातांमुळे.

आता फोमच्या गाद्या आल्या, पिंजायला यंत्र आले. आमच्या भंडारा जिल्ह्यात काय किंवा मुंबईत काय, धनुकलीची ती तुणतुण क्वचितच कानी पडते. मुलांनी दुसरे धंदे धरले, शिकली, हे चांगलेच झाले. पण आजोबांचे हत्यार माळ्यावर पडून असेल तर ते भंगारात देऊ नका. ते कोणाचे होते, कोणत्या गावांत फिरले, कोणाच्या घरी गाद्या भरल्या, हे वहीत लिहून ठेवा. संग्रहालयात गादी आहेच. तिच्याशेजारी ठेवायला निदान काही नावे तरी आपल्याकडे असावीत.